बाइंडरकाकांची कबुली

कादंबरीला तीस वर्षं झाली, तरी समारंभाला मुंगी शिरायला जागा नव्हती. नायक सातव्या प्रकरणात मरतो आणि आठव्यात स्वतःच्याच लग्नाला उशिरा पोचतो, यावर वाचक जीव ओवाळून टाकत होते. मागच्या रांगेत निवृत्त बाइंडरकाकांना मात्र खुर्ची टोचत होती. गर्दी पांगल्यावर त्यांनी लेखकाला कोपऱ्यात गाठून हात जोडले.

"साहेब, माफ करा. पानांचे दोन गठ्ठे माझ्याच हातून मागेपुढे शिवले गेले. नोकरी जाईल म्हणून तोंड उघडलं नाही."

लेखकाने इकडेतिकडे पाहिलं आणि पिशवीतून जाडजूड हस्तलिखित काढून काकांच्या हातात कोंबलं.

"होतात कुठे इतकी वर्षं? मधल्या पाचही कादंबऱ्या सरळ शिवल्या गेल्या, एक चालली नाही!"