पुंडलिकरावांचा राजा

"काहून वं भागीरथा, हत्ती वाचवत बसली अन् राजा गमावला!" पुंडलिकराव हसले. घाटंजीच्या त्या ओसरीवर बुद्धिबळात त्यांनी लेकीला कधीच जिंकू दिलं नव्हतं. "उद्या शेवट पुन्हा मांडून पाहू."

रात्रीतच ते गेले.

तेरवीनंतर एका दुपारी तिनं एकटीनं तोच शेवट मांडला. या खेपेला हत्ती सोडला, प्यादं पुढे सारलं. आता खेळी बाबांची. पाणी पिऊन ती परतली, तर त्यांचा राजा एक घर सरकलेला. पुढच्याच खेळीत प्यादेमात होती.

तिनं राजा मागे ठेवला. दाराला कडी घालून वळली, तर तो पुन्हा तिथेच.

तिनं मात द्यायला प्याद्यावर हात ठेवला आणि काढून घेतला.

"मले जिंकाचं नव्हतंच कधी, बाबा," ती मोठ्यानं म्हणाली. "तुमच्यासमोर बसाचं होतं."