उघडं झाकण

चातुर्मासात पंखा लावायचा नाही, असा नेम इंदरचंदशेठनी जैन महाराजसाहेबांसमोर घेतला, तेव्हा बाहेर पाऊस होता. मग ऑक्टोबरचा उकाडा सुरू झाला आणि बेल्ह्यातल्या त्यांच्या कापडदुकानातला कॉम्प्युटरही तापून बंद पडायला लागला. निमगाव साव्याहून बाळासाहेब मेकॅनिक आला.

"शेठ, प्रोसेसरवरचा कूलर गेलाय," त्याने दोन कूलर काउंटरवर ठेवले. "ह्यो बारका घ्या. स्वस्त हाय, डब्यात बरोबर बसतो. मोठा बसवला तर झाकण लागायचं न्हाई."

शेठनी दोन्हींचे पंखे बोटाने फिरवून पाहिले.

"मोठाच बसव."

"आवो, पण झाकण?"

"राहू दे उघडं. मशीनच्या बाबतीत हयगय नको."

आठ दिवसांनी बाळासाहेबाने काळजीने दुकानात फोन केला. तो शेठाणी कंचनबाईंनी उचलला.



"कॉम्प्युटर एकदम गार आहे भाऊ, आणि त्याला खेटून बसलेले आमचे हे पण. पौर्णिमेला चातुर्मास संपला, की तो बारका बसवून जा."