सात वाजताचा वारा

सकाळी सातला भोंगा वाजला आणि शहराचे वारा-मनोरे फिरू लागले. थंडीमुळे जमिनीलगत साचलेला भट्ट्यांचा धूर त्यांनी रोजच्यासारखा पूर्वेला, कुंभारटेकडीवर ढकलला.

तासाभरात टेकडीवरची द्वारका शेंडे नियंत्रण कक्षात शिरली. नातीच्या खिडकीवर लावलेलं ओलं लुगडं तिनं निंबकर साहेबांच्या टेबलावर आपटलं. ते काळंकुट्ट झालं होतं.

"पहाटे धुतलंय हे! पोरीला श्वास घेता येत नाही."

"बाई, हिवाळ्यात हवा खाली बसते. हवामानापुढे कुणाचं काय चालतं?"

"हवामान तुमच्या या चाकावर चालतं ना? तीन हिवाळे अर्ज देतेय, भट्ट्या बंद करा म्हणून!"

"त्या बंद करता येत नाहीत. तांत्रिक अडचण आहे."

द्वारकानं पुढचं ऐकलंच नाही. टेबलाला वळसा घालून तिनं मनोरे वळवायचं चाक दोन्ही हातांनी धरलं आणि पश्चिमेला, अधिकाऱ्यांच्या वसाहतीकडे गरकन फिरवलं. निंबकर ओरडत धावले, पण एकदा वळलेले मनोरे तासभर पुन्हा वळत नसत.

दहाव्या मिनिटाला फोन वाजला. पलीकडून कुणीतरी खोकत खोकत ओरडत होतं. निंबकर ताडकन उभे राहिले, "हो साहेब, आत्ता साहेब" म्हणाले आणि त्यांनी लाल बटण दाबलं. खिडकीतून दिसणारी धुराडी एकेक करून थंडावली.

द्वारका त्या बटणाकडे बघतच राहिली.

"तीन हिवाळे!" ती म्हणाली. "आणि हे तुमच्या टेबलावर होतं?"