कोन शे तू, माय?

कानबाईची आरती ऐन रंगात आली आणि वच्छलाबाईच्या छातीतून आग उठली. गळा, कान, कपाळ, सगळं पेटलं. घर माणसांनी गच्च भरलेलं, त्यात धुपाचा धूर. लढाईपायी रॉकेल मिळेना, म्हणून जिथे तिथे तेलाचे दिवे. तिने डोक्यावरचा पदर ओढून फेकला आणि ती मटकन खाली बसली.

"कानबाई उनी! वच्छलाबाईना आंगमा उनी!" देवी अंगात आली म्हणून शेजारीण ओरडली. साऱ्या शिंदखेड्याला ऐकू जावं अशी.

कसली कानबाई! सात वर्षं झाली होती या आगीला. विटाळ थांबला त्या साली ती आली आणि ठाण मांडून बसली. धने-जिऱ्याचं पाणी पिऊन झालं, वाळा झाला, ओल्या फडक्यावर निजून झालं. एकदा नवऱ्याला, पितांबरला, तिने म्हटलं होतं, "जरा वारा घाला ना." "म्हतारपनमा काय थेरं करस?" म्हणून त्याने कूस बदलली. ओट्यावर वाऱ्याला निजते म्हटलं, तर चार लोक काय म्हणतील! त्या मेल्या चार लोकांना कधी उकडतच नाही.

आता तोच पितांबर तिच्यापुढे गुडघे टेकून दोन्ही हातांनी पंखा हलवत होता. मुलाने पायांवर गार पाणी ओतलं. जावेने केस मोकळे केले. मानेवरून वारा गेला तशी वच्छलाबाईला रडूच आलं. एवढीशी तर गोष्ट होती!

कोपऱ्यात सासू ताईबाई बसल्या होत्या. पूर्वी कानबाई त्यांच्या अंगात यायची, गावभर बोलबाला होता. सणाला यायची, एरवी मंगळवारी-शुक्रवारीही यायची. त्यांना वारा घालता घालता वच्छलाबाईचे हात भरून यायचे. साठी उलटली आणि देवी यायची थांबली.

पंखा हलवता हलवता पितांबरने रीतीप्रमाणे विचारलं, "कोन शे तू, माय?"

उभ्या संसारात त्याने हे पहिल्यांदाच विचारलं होतं. तेही इतक्या मायेने! वच्छलाबाई विरघळली. तिला वाटलं, आता सांगावं. आता हा ऐकेल.

"मी वच्छला," ती म्हणाली. "देवी नही, मीच शे. मनं आंग जळस. वारा थांबाडू नका."

पंखा थांबला. कुणीतरी फिसकन हसलं. पितांबरचा चेहरा आधी उतरला, मग लालबुंद झाला.

"पदर ले डोकावर," तो म्हणाला आणि उठून गेला.

आरती पुन्हा सुरू झाली. वच्छलाबाईने पदर घेतला आणि भिंत धरत ती सासूजवळ जाऊन बसली. ताईबाईंनी तिच्या घामेजल्या मानेवर हात ठेवला, तोंड कानाशी नेलं.

"येडी! नाव कसाले सांगं? मी तं कधीच सांगं नही."