तांदळात लिहिलेलं नाव

मनस्विनीने वाचनालयातून आणलेली कादंबरी संपवली, तेव्हा तिचे कान तापले होते. कादंबरीतल्या सुनेचं नाव लग्नात बदलतात आणि म्हातारपणी कोणी माहेरच्या नावाने हाक मारली, तर तिला ओ द्यायचं सुचत नाही. 'मनस्विनी' हेही रत्नागिरीच्या सासरी तांदळात लिहिलेलं नाव होतं. नवरा बागेतून येताच तिने विचारलं, "माझं नाव का बदललंत?" "घरची पद्धत आहे. पुस्तकं वाचून डोकं फिरलंय तुझं!" संध्याकाळी पडवीत आंब्याचे व्यापारी बसले होते. चहा देताना ती नवऱ्याला मोठ्याने म्हणाली, "चिंतामणी, चहा घ्या." व्यापारी हसले. नवरा ताडकन उठला. "चारचौघांत हा काय चावटपणा? माझं नाव उन्मेष आहे!" "एका हाकेत एवढं झोंबलं?" ती हटली नाही. "मी सव्वीस वर्षं ऐकतेय. माझं नाव कुंदा."