करंजांचा कौल

"एक पान खुडून यंत्रात ठेवा, की अर्ज पुरा झाला," वनवस्तीचे अधिकारी गायकैवारी म्हणाले. पुण्याजवळच्या या जंगलात कोणत्या कुटुंबाने राहायचं, ते झाडं ठरवत. माणसांचं वागणं-बोलणं ती पारखत आणि मुळांतली यंत्रं त्यांचा कौल पडद्यावर आणत. सोनटक्क्यांना दोनदा नकार आला होता. ही तिसरी खेप अखेरची होती.

वैजयंताने करंजाच्या फांदीकडे नेलेला हात मागे घेतला. "दिवेलागण झाली. आता पान तोडायचं नाही, झाडं निजलीत."

"अगं, घर जाईल!" तिचा नवरा हेमंत कळवळला.

"जाऊ दे. निजलेल्याला ओरबाडून मला घर नको. सकाळी येते."

"सकाळी मुदत संपलेली असेल, बाई." गायकैवारी पडदा बंद करायला वळले आणि थबकले. पडदा हिरवागार झाला होता. एकट्या करंजाचा नव्हे, अख्ख्या टेकडीचा होकार आला होता.

हेमंतने पाच वर्षांच्या लेकीला खांद्यावर घेतलं आणि दोघंही आनंदाने ओरडत सुटली.

"हळू!" वैजयंता डोळे पुसत म्हणाली. "आपले शेजारी झोपलेत."