चालण्याचा कोटा

"माझा चालण्याचा कोटा संपलाय," काका म्हणाले. "पंचवीस वर्षं, रोज बारा किलोमीटर. पोरीनं हिशेब केलाय, पृथ्वीला सव्वादोन फेऱ्या होतात. आता पृथ्वीनं माझ्याभोवती फिरावं."

एवढं बोलून ते उठले, आणि खुर्चीही त्यांच्याबरोबर उठली.

काकूंनी ती मागून धरून ओढली. दोघांना दहाला डॉक्टरांकडे पोचायचं होतं.

काका एका कारखान्यात दिवसपाळीचे वॉचमन होते. दिवसातून सहा वेळा कंपाउंडच्या भिंतीच्या कडेनं पूर्ण फेरी मारायची आणि वाटेत बारा ठिकाणी बसवलेल्या बटणांना हातातलं यंत्र टेकवायचं. टक वाजलं की साहेबांच्या पडद्यावर नोंद व्हायची. पंचवीस वर्षांत एकही फेरी चुकली नाही. निरोपसमारंभात साहेबांनी हे स्वतः उभं राहून सांगितलं होतं.

काका घरी आले की काकूंनी त्या पायांना रोज संध्याकाळी तेल चोळलं होतं. तेही पंचवीस वर्षं.

डॉक्टरांनी काकांची पोटरी चिमटीत धरून सोडली. ती बराच वेळ हलत राहिली.

"निवृत्त होऊन किती दिवस झाले?"

"चार महिने."

"फक्त चार?" डॉक्टरांनी चष्मा लावून परत पाहिलं. "चालत्या माणसानं बैठक मारली की असं होतं. पायांत रक्त नीट पोचत नाहीये. रोज अर्धा तास चाला. महिन्याभरात फरक पडला नाही तर ऑपरेशन, आणि नंतर पाय राहील की नाही हे मी आज सांगणार नाही."

"ऐकलंस?" काका बाहेर आल्यावर म्हणाले. "झिजलोय मी."

"तुम्ही झिजलात, बूट कसे नाही झिजले हो?" कंपनी दरवर्षी नवे बूट द्यायची आणि जुने करकरीत घरी यायचे. जावई सात वर्षं तेच घालत होता.

"पाऊल हलकं टाकावं लागतं. ती कला आहे."

काका घरी येऊन खुर्चीत बसले. मग अगं पाणी, अगं पेपर, अगं पंखा. काकूंचा डावा गुडघा टम्म फुगला होता. स्वयंपाकघर ते खुर्ची अशा त्यांच्या किती फेऱ्या झाल्या, याची नोंद कुठल्याच पडद्यावर होत नव्हती.

दुसऱ्या दिवशी काकूंनी डाव टाकला. चष्मा फ्रिजवर, रिमोट बाल्कनीत, पेपर बाथरूमच्या फळीवर, गोळ्या दाराजवळ. हवं असेल तर उठा.

संध्याकाळपर्यंत सगळं खुर्चीभोवती जमा झालं होतं.

"कोणी आणलं?" काकूंनी विचारलं.

"तूच. येता येता."

खरंच होतं. बाल्कनीतून कपडे काढताना, दार उघडताना, प्रत्येक वेळी काका गोड आवाजात "येता येता तेवढं" म्हणाले होते आणि काकूंच्या हातानं सवयीनं उचललं होतं. काकूंनी चहाचा कप असा आपटला की कान हातात राहिला आणि चहा काकांच्या मांडीवर गेला. काका उठले नाहीत. "फडकं आण," म्हणाले.

काकूंनी फडकं आणलं नाही. जावयाला फोन लावला. "मला उद्या कारखान्यात सोडा. असं जाणं चालत नाही म्हणजे काय? पंचवीस वर्षं ज्यांच्यासाठी वेळेवर उठला ना हा माणूस, त्यांनाच विचारते, कसं उठवत होतात."

सकाळी साहेबांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं, पडदा दाखवला. काकांच्या नावापुढे हिरव्या खुणांच्या रांगाच रांगा होत्या.

"आम्ही नाही हो उठवलं," साहेब म्हणाले. "आतून यावं लागतं ते. असा माणूस परत मिळायचा नाही, म्हणून जाण्याआधी नव्या वॉचमनला पंधरा दिवस त्यांच्याच हाताखाली ठेवला. त्याला विचारा. त्याचीही एक फेरी चुकत नाही."

काकू गुडघा धरत गेटपर्यंत गेल्या. केबिनमध्ये नवा वॉचमन बसला होता. चाळिशीचा, शर्टाच्या खालच्या दोन बटणांनी दम तोडलेला. काकूंना ओळखताच त्यानं खुर्ची टेबलाशी सरकवून दिली आणि स्वतः शेजारी स्टूल घेतलं.

"काकांचीच खुर्ची, बसा. देवमाणूस. मला सगळं शिकवलं हो त्यांनी."

"मग मलाही शिकवा," काकू म्हणाल्या. "त्यांचा पाय जायची वेळ आलीय आणि ते जागचे हलत नाहीत. रागानं डोकं फुटायची वेळ आलीय माझी. इथं सहा-सहा वेळा निघायचे. कसे निघायचे, तेवढं सांगा. मी घरी तसंच करते."

 वॉचमननं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग काकूंकडे, मग परत घड्याळाकडे. अकरा वाजले होते. त्यानं खुंटीवरचं यंत्र काढलं.

"काकू, जरा गुडघे बाजूला घ्या," तो म्हणाला. "फेरीची वेळ झाली."

स्टुलावरूनच वाकून त्यानं टेबलाखाली हात घातला, आणि बारा वेळा टक वाजलं.